मागचं पुस्तक कुठं टाकलंत?

ताई,

मी २९ वर्षांची. मूळची कराडची, आता चिंचवडला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते. शाळेतले आम्ही पाच जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री व्हिडिओ कॉलवर भेटतो. प्रत्येकाने सध्या काय वाचतोय ते सांगायचं आणि बाकीच्यांना एखादं पुस्तक सुचवायचं. दोन वर्षं हे चाललंय. मला फॅण्टसी आवडते. मी आतापर्यंत अकरा पुस्तकं सुचवली (यादी जोडली आहे), त्यातलं एकही कुणी पूर्ण केलेलं नाही. एक मित्र स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतो, त्याला ‘सकस’ लागतं. तो म्हणतो, “तू अजून राजा-राक्षसातच का?” एक मैत्रीण ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाहेर पाऊल टाकत नाही. एकाला खून आणि तपास हवा. चौथी कॅनडात आहे, तिचं बाळ सहा महिन्यांचं. आणि खरं सांगते, त्यांनी सुचवलेलं माझ्याच्यानेही संपत नाही. मागच्या वेळी एक सातशे पानी ऐतिहासिक कादंबरी “वाचली, मस्त आहे” अशी थाप मारली. मैत्रिणीने शेवटाबद्दल विचारलं तेव्हा नेटवर्क गेल्याचं नाटक केलं.

दुसरा प्रश्न बाबांचा. ते एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. दिवसभर मोबाइल. इंग्रजी वाचत नाहीत. आई सांगते, मुक्कामी गाडीवर असताना ते धारपांची पुस्तकं वाचायचे. त्यांना देण्यासारखं मराठीत काही आहे का?

— न संपणाऱ्या मालिकांची वाचक


प्रिय वाचक,

नेटवर्क नेमकं शेवटच्या प्रकरणाला जातं, हा अनुभव मलाही आहे. माझ्या वेळी मोबाइल नव्हते, म्हणून मी खोकल्याची उबळ आणायचे. तेव्हा त्या थापेबद्दल मी तुला फार बोलणार नाही. पण तिच्याकडे परत येऊ, कारण तुझ्या अकरा पुस्तकांचं काय झालं याचं उत्तर त्या थापेतच आहे.

आधी एक माणूस दाखवते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात काउंटरला एक काका बसायचे. त्यांच्याकडे जाऊन “काहीतरी चांगलं द्या ना” म्हटलं की ते कधीही “तुला काय आवडतं?” असं विचारत नसत. ते म्हणायचे, “मागचं कुठं टाकलंत?” म्हणजे कुठलं पुस्तक अर्धवट परत आणलंत आणि कुठपर्यंत आला होता. लोक ओशाळून सांगायचे. कुणी म्हणे, नावं लक्षात राहत नाहीत. कुणी म्हणे, नायिका फार रडते. एक शिक्षिका बाई म्हणाल्या होत्या, “जंगलाचं वर्णन संपेना, मला भाजी निवडायची होती.” काका उठून दुसऱ्या कपाटाकडे जायचे आणि जे आणून द्यायचे ते दहात आठ वेळा लागू पडायचं.

त्यांची आणखी एक खोड होती. परत आलेलं पुस्तक मिटूनच डोळ्यांसमोर आडवं धरायचे आणि पानांच्या कडा बघायचे. वाचनालयाचं पुस्तक शंभर हातांतून गेलं की जिथपर्यंत लोक वाचतात तिथपर्यंत कडा मळकट होते, आणि जिथे सोडून देतात तिथून पुढे पांढरी राहते. काही पुस्तकांची कडा एका बोटभर जागेपर्यंत काळी आणि पुढे कोरी करकरीत असायची. मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मात्र रांगेने. “हे बघा,” काका म्हणायचे, “चाळीस जणांनी नेलंय, आणि इथे सगळे उतरले.” मग नव्या माणसाला ते पुस्तक देताना सांगायचे, “नव्वदाव्या पानाला दम लागेल. तेवढं ओलांडा.” बहुतेक जण ओलांडायचे.

आता तुझी यादी. तू जोडलेला कागद दोनदा वाचला. अकरापैकी नऊ पुस्तकं मालिकेचा पहिला भाग आहेत. म्हणजे तू मित्रांना पुस्तक सुचवत नव्हतीस, गृहकर्ज सुचवत होतीस. त्यात जॉर्ज मार्टिन आहे, ज्याच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ साली आला आणि सहाव्याची वाट बघता बघता लोकांची मुलं शाळेत जायला लागली. पॅट्रिक रॉथफस आहे, त्याचाही दुसरा भाग २०११ चा आणि तिसऱ्याचा पत्ता नाही. ‘व्हील ऑफ टाइम’ आहे, चौदा भागांचं. ते लिहिणारा रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारला आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून पुरे केले. तुला हे सगळं रोमांचक वाटतं, कारण तू आत आहेस. बाहेरच्या माणसाला ते सासरच्या लग्नाला गेल्यासारखं वाटतं. सगळे एकमेकांना ओळखतात, आपल्याला कुणाचंच नाव माहीत नाही, आणि निघावं म्हटलं तर जेवणाची पंगत अजून बसायची आहे.

त्यातून तुझा आग्रह. तू यादीत लिहिलंयस की सँडरसनच्याच ‘मिस्टबॉर्न’बद्दल तू एका रविवारी पंचवीस मिनिटं बोललीस. धातू गिळून शक्ती कशी येते, कुठल्या धातूने काय होतं, सगळं. अगं, ते पुस्तक २००६ सालचं, आणि त्याच्या पहिल्या भागाला स्वतःचा चांगला शेवट आहे, पुढचं नाही वाचलं तरी चालतं. सांगण्यासारखी हीच एक गोष्ट होती आणि नेमकी तीच तू सांगितली नाहीस. पानात तिसरी जिलबी पडली की माणूस “वा वा” म्हणतो आणि ती ताटाखाली सरकवतो. तुझ्या मित्रांनी तेच केलं.

तेव्हा पुढच्या रविवारी कुठलंही पुस्तक सुचवू नकोस. चौघांनाही काकांचा प्रश्न विचार. तुमच्यात “सध्या काय वाचतोय” याचं उत्तर नेहमी छान छान येत असणार. “कुठं टाकलं” याचं उत्तर खरं येईल. आणि सुरुवात तू कर. मैत्रिणीला सांग, “तुझ्या सातशे पानी कादंबरीत मी अमुक पानावर उतरले, मागच्या वेळी खोटं बोलले.” पानाचा आकडा सांग. आकडा सांगितला की माफी मागण्याचं नाटक करावं लागत नाही, आणि ती लगेच म्हणेल, “अगं, तिथे मीही अडकले होते,” किंवा “अरेरे, पुढच्याच प्रकरणात तर मजा आहे.” दोन्हीपैकी काहीही झालं तरी तुमचं त्या पुस्तकावर पहिल्यांदाच खरं बोलणं होईल.

पानं किती वाचायची याचाही एक हिशेब आहे, तो मला फार आवडतो. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम असा: वय पन्नाशीच्या आत असेल तर पुस्तकाला ५० पानं द्यायची, नाही जमलं तर खुशाल मिटवायचं. पन्नाशी ओलांडली की १०० मधून आपलं वय वजा करायचं आणि उरतील तेवढीच पानं द्यायची. वय वाढेल तशी सूट वाढते, कारण हातात दिवस कमी. तुम्हा पाच जणांना ५० पानं लागू. बाबा साठीचे असतील तर त्यांना ४०. तुमच्या गटात हा नियम ठेवा: एकमेकांचं पुस्तक ५० पानं वाचायचं, पुढे सक्ती नाही, फक्त कुठं उतरलो ते सांगायचं. आणि “या महिन्यात काहीच वाचलं नाही” हे उत्तर चालेल असं जाहीर करून टाका. कॅनडावाली तेवढ्यासाठीच कॅमेरा बंद ठेवत असेल.

आता माणसागणिक बोलते. क्लासवाल्यापासून सुरू करते, कारण त्याच्या बोलण्याने तुला लागलंय. तू लिहिलं नाहीस, पण त्या ओळीखाली तुझं पेन कागदात रुतलेलं दिसतंय.

“राजा-राक्षस” म्हणणाऱ्याला एक साधा प्रश्न विचार: ‘ययाति’ वाचलीस का? वाचलीच असणार, त्याचे विद्यार्थी ज्ञानपीठाची यादी पाठ करतात. १९५९ ची कादंबरी, खांडेकरांना तिच्यासाठी १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. तिच्यात काय आहे? शापाने म्हातारा झालेला राजा आपल्या मुलाचं तारुण्य मागून घेतो. हीच गोष्ट कुणी ड्रॅगन घालून इंग्रजीत लिहिली असती तर तुझा मित्र तिला राजा-राक्षस म्हणाला असता. आपल्याकडे अद्भुत भरपूर वाचतात, फक्त कपाटं वेगळी आहेत. देव-ऋषी असले की ‘पौराणिक’, भूत असलं की ‘गूढकथा’, यंत्र असलं की ‘विज्ञानकथा’, मुलांसाठी असली की ‘परीकथा’. ‘फॅण्टसी’ नावाचं कपाटच नाही, म्हणून ते वाचणारी तू एकटी पडलीस. खरं तर मराठी कादंबरी नुकती रांगायला लागली होती तेव्हाच, १८६१ साली, हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, ती अद्भुतच, आणि पुढे कितीतरी वर्षं लोकांनी तसलंच आवडीने वाचलं. नाकं मुरडणं नंतरचं.

पण वादात जिंकून कुणी पुस्तक वाचत नाही. त्याला जीए दे. जी. ए. कुलकर्ण्यांना बालिश म्हणायची हिंमत कुठल्याच सकस माणसात नसते. ‘रमलखुणा’त दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. कुठल्याही नकाशात नसलेल्या भूमी, परके देव, परकी नावं, आणि धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने ते सगळं असं लिहिलंय की खरे देशच खोटे वाटावेत. किंवा ‘काजळमाया’तली ‘विदूषक’. त्याच संग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि जीएंनी तो परत केला, हे क्लासवाल्याला माहीत असेलच, सामान्य ज्ञानात येतं. त्याने कथा वाचली आहे का ते विचार. (मी पैज लावते, पुरस्कार पाठ आहे, कथा नाही.)

जीए पचले की मग तुझ्या बाजूचं एकच पुस्तक दे, उर्सुला ले ग्विनचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. १९६८ चं, दोनशे पानांच्या आसपासचं. देताना मालिका आहे हे सांगूच नकोस, पहिल्यात गोष्ट पुरी होते. आणि जादूची पद्धत समजावत बसू नकोस. एवढंच सांग: त्या जगात प्रत्येकाचं खरं नाव गुप्त असतं, हाक मारायचं नाव वेगळं, आणि ज्याला तुझं खरं नाव कळलं त्याची तुझ्यावर सत्ता चालते. हे ऐकून मराठी माणसाच्या मनात काहीतरी हलतंच. आपल्याकडे पाळण्यातलं राशीचं नाव वेगळं असतं आणि ते चारचौघांत घेत नाहीत. माझी आजी आजोबांचं नाव जन्मात सरळ घेऊ शकली नाही, रेशन कार्डवाल्यालाही शेजारणीकडून सांगवलं. मी ते पुस्तक वाचलं तेव्हा मला समुद्र आणि गलबतं आठवली नाहीत, रेशनच्या रांगेतली आजी आठवली. पुस्तक असं सांगायचं असतं. कथानक नाही, नियमावली नाही, आपल्याला जिथे टोचलं ती एक जागा.

ऐतिहासिकवाल्या मैत्रिणीचं काम सोपं आहे. तिला सातशे पानांची भीती नाही, आणि तिच्याजवळ ‘मृत्युंजय’ असणारच. ती कादंबरी नुसत्या कर्णाच्या तोंडून नाही, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सगळे आळीपाळीने बोलतात. जन्मतः अंगावर कवच-कुंडलं घेऊन आलेला नायक तिला चालतो, तर दोन चंद्र का चालू नयेत? गाय गॅव्ह्रिएल केचं ‘द लायन्स ऑफ अल-रासान’ तिला दे. १९९५ चं. मध्ययुगातला स्पेन घेतलाय, जिथे तीन धर्म एकमेकांना धरून आणि एकमेकांवर तलवार धरून राहत होते. नावं बदललीत आणि आकाशात एकाऐवजी दोन चंद्र लावलेत. जादू जवळजवळ नाहीच. दोन बाजूंना दोन थोर माणसं, दोघांना एकमेकांबद्दल आदर, आणि कधीतरी समोरासमोर यावं लागणार हे वाचकाला पहिल्यापासून कळलेलं. आपली ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्यांना हा ताण पाठ असतो. शिवाय एका भागात संपतं! सुरुवातीला नावांचा गोंधळ होईल, तेवढं आधीच सांग.

बदल्यात तिची सातशे पानी पुन्हा उघड आणि ५० पानं प्रामाणिकपणे वाच. अदलाबदल म्हणजे दोन्हीकडून.

खून-तपासवाल्याला बेन ॲरोनोविचचं ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११). लंडनचा एक नवखा पोलीस खुनाच्या जागी पहाऱ्याला उभा आहे, एक साक्षीदार पुढे येतो, जबानी देतो, आणि हळूहळू लक्षात येतं की साक्षीदार मेलेला आहे. एवढं ऐकून तो बाकीचं स्वतः शोधेल. टेरी प्रॅचेट आवडण्यासारखा असेल तर ‘गार्ड्स! गार्ड्स!’. ती ज्या डिस्कवर्ल्ड मालिकेतली, तिच्यात ४१ कादंबऱ्या आहेत आणि तू यादीत पहिलीच, १९८३ ची, टाकली आहेस. क्रमाने वाचायचा तुझा हट्ट सोड, पहिल्या दोन त्याच्या कच्च्या आहेत.

कॅनडावालीला सुझॅना क्लार्कचं ‘पिरानेसी’. बारीक पुस्तक आहे, २०२० चं, पुढच्या वर्षी त्याला विमेन्स प्राइझ मिळालं. सगळं डायरीच्या नोंदींत आहे, बाळ वीस मिनिटं झोपलं तर एक-दोन नोंदी होतात. कशाबद्दल आहे ते मात्र सांगू नकोस. एकच सूचना दे: पहिली वीस पानं काही कळणार नाही, तिथे निवेदकालाही काही कळलेलं नाही. तिला तिथल्या वाचनालयात मिळेल, इथून कुरियर करू नकोस.

राहिले बाबा, आणि मला विचारशील तर तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला वाचक तेच आहेत.

तू त्यांना काय देऊ विचारतेस. आधी त्यांच्याकडून घे. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे तुझ्या मित्रांना ठाऊक नसेल, तुला आहे. रात्री शेवटची फेरी घाटापलीकडच्या एखाद्या गावात थांबते, सकाळी तीच पहिली परत निघते. मधली रात्र ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच काढतात. तिकिटांची पत्र्याची पेटी उशाला, बाहेर पाऊस, आणि हातात नारायण धारप. यापेक्षा चांगली भूतकथा वाचायची जागा मला तरी सुचत नाही. त्यांना विचार, कुठल्या गावच्या मुक्कामाला कुठलं पुस्तक वाचलं? कुठलं वाचून झोप लागली नाही? आणि काकांचा प्रश्नही विचार: वाचन कुठं सुटलं, आणि का? चष्म्याचा नंबर वाढला असेल. वाचनालयाची वर्गणी चुकली असेल. पुष्कळदा कारण एवढंच असतं आणि घरच्यांना वाटतं मोबाइलने खाल्लं.

मग धारपांचंच एखादं आणून दे. ‘लुचाई’ मिळाली तर बघ. ती स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून बेतलेली आहे, पण धारपांनी ती इतकी आपल्या मातीत रुजवली की मूळ परकं आहे हे सांगावं लागतं. आणि इथे तुझ्यासाठी एक युक्ती. तुझ्या खून-तपासवाल्या मित्राने किंग वाचला असण्याची शक्यता बरीच आहे. एका रविवारी बाबांना त्या कॉलवर पाच मिनिटं बसव. एकाने मूळ वाचलंय, दुसऱ्याने धारप. दोघांची जुंपून दे आणि तू चहा करायला जा. दर वेळी देणारी तूच असायला हवीस असं थोडंच आहे.

मतकरींच्या गूढकथा त्यांनी वाचल्या नसतील तर त्या. ‘खेकडा’पासून सुरू करा. नारळीकर मात्र नक्की दे, ‘यक्षांची देणगी’. आणि देताना ही गोष्ट सांग: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. नारळीकर तेव्हा जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासलेल्या माणसाला हा खोटा पास आवडेल.

आता तुझी आवड त्यांच्यापर्यंत न्यायची असेल तर टोल्किन मराठीत आहे. मुग्धा कर्णिकांनी केलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने आलेला आहे, आणि ‘हॉबिट’ही मराठीत आहे. आधी ‘हॉबिट’ दे. १९३७ चं मुलांसाठीचं पुस्तक, गोष्ट सरळ पळते. मोठ्या पुस्तकाच्या सुरुवातीला हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांचे रीतिरिवाज आणि तंबाखूची माहिती असलेला एक भाग आहे, तो गाळायला सांग. पुष्कळांचे पाय तिथेच अडकतात, कडा तिथेच पांढरी होते. वाढदिवसाच्या जेवणावळीपासून सुरू केलं तरी काही बिघडत नाही. मुक्कामी गाडीच्या माणसाला एक गोष्ट त्यात फार जवळची वाटेल: ही माणसं सतत चालत असतात, आणि रात्र कुठे काढायची हा प्रश्न रोज पडतो.

आणखी एक आहे, पण जपून. गौरी देशपांड्यांनी बर्टनने इंग्रजीत आणलेल्या ‘अरेबियन नाइट्स’चा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला आहे. माझ्या मते मराठीत झालेल्या मोठ्या कामांपैकी ते एक आहे, आणि सोळा खंड म्हणजे निवृत्त माणसाची दोन वर्षं निघतात. फक्त बर्टनने काहीही झाकलेलं नाही. तेव्हा तू स्वतः नेऊन देऊ नकोस, दोघांनाही अवघड होईल. कराडच्या वाचनालयात त्यांचं कार्ड काढून दे आणि कपाट कुठलं तेवढं त्यांना कुणाकडून तरी कळू दे.

एक फुटकळ गोष्ट, यादीच्या तळाशी बारीक अक्षरात विचारली होतीस: क्लासवाल्याने तुझं एक पुस्तक आठ महिने परत दिलेलं नाही, मागू का? माग. नुसतं माग, कारणं देऊ नकोस. आणि यापुढे पुस्तक देताना पहिल्या पानावर पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख घालत जा. परत आलं की मिटून आडवं धर आणि कडा बघ. नव्या पुस्तकाची मळत नाही हे खरं, पण कणा कुठपर्यंत मोडलाय ते दिसतं.

शेवटी तुमच्या रविवारी मलाही एक जागा द्या. माझं वय ५७, म्हणजे नॅन्सी बाईंच्या हिशेबाने मला ४३ पानं पुरे. पण मी सुझॅना क्लार्कचंच जाडं पुस्तक, ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’, घेऊन बसले आहे आणि ११२ व्या पानावर आहे. हे तिसऱ्यांदा. तळटीपा इतक्या की खालचं वाचावं की वरचं कळत नाही, आणि ज्याच्या नावाने पुस्तक आहे तो स्ट्रेंज अजून नीट आलेलाही नाही. नॉरेल नावाच्या त्या कंजूष म्हाताऱ्याचा मात्र मला लळा लागलाय. तुमच्यापैकी कुणी हे पुस्तक पुरं केलं असेल तर विचारून कळव: दम कितव्या पानापर्यंत लागतो?

— तुझी ताई